मेल्यांनी हसवायचं

आमच्या ताईने भुतांचा एक खेळ काढला होता. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. वाळ्याच्या ताट्यांनी अंधारी झालेली खोली, कूलरची घरघर, आणि फरशीवर ताईने खडूने काढलेलं गाव. गावात एक विहीर, राखेचा डोंगर आणि बंद पडलेली कामठीची बस. आम्ही तिथे चुकून उतरलेले प्रवासी. मी कंडक्टर, धाकटी बहीण नवरीची आत्या. फोडलेले चिंचोके टाकत आपली सोंगटी पुढे सरकवायची आणि वाटेत काय भेटलं ते ताई सांगणार. ती ते इतक्या थंडपणे सांगायची की भरदुपारी मोरीत जायची भीती वाटे.

चिंचोके सगळे काळ्या बाजूने पडले की माणूस मेला. पण मेल्यावरही सुटका नव्हती. त्याने भूत होऊन जिवंतांना हसवायचं, आणि जो हसला तो मेला. एक जण जरी न हसता उरला, तरी भुताने बोलतच राहायचं. सगळे मेले किंवा कुणी खडूची वेस ओलांडून जिंकलं, की खेळ संपला. तो एकाच बैठकीत संपवायचा आणि एकदा येऊन गेलेलं भूत पुन्हा बोलवायचं नाही. नियमांच्या बाबतीत ताई भलतीच कडक होती. मला तिचा रागच यायचा.

धाकटी रांगत होती तेव्हा आई गेली. आता ती बालवाडीत जायची आणि आई कशी होती, कशी बोलायची, असं मधूनच विचारायची. घरात कुणी उत्तर देत नसे. आईचा विषय काढायचा नाही असं बाबांनी कधी सांगितलं नव्हतं, पण तिचा फोटो त्यांनी कपाटात उलटा ठेवला होता. मला भीती वाटायची ती त्या कपाटाची. खडूचं गाव निदान पुसता यायचं.

एका दुपारी रात्रपाळी करून झोपलेले बाबा मध्येच उठले आणि आमच्या अर्ध्यावर आलेल्या खेळात येऊन बसले.

"मले बी घ्या," म्हणाले.

पहिल्याच फेकीत त्यांचे चिंचोके काळे पडले.

"बाबा, तुम्ही मेले," ताई म्हणाली. "आता हसवा."

बाबांना विनोद कुठला जमायला. मग त्यांनी कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि बारीक, नाकातल्या आवाजात म्हणाले, "बूट भायेर काढा जी. राख घेऊन काहून येऊन राहिले? हे घर हाय का तुमच्या प्लांटची चिमणी?"

माझ्या अंगावर काटा आला. ते ड्यूटीवरून आले की आई दारात हेच म्हणायची, असाच हात ठेवून. आणि काटा आलेला असतानाच मला हसू फुटलं. ताई तर खेळवणारी, पण तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली.

धाकटी तेवढी हसली नाही. ती बाबांकडे टक लावून बघत होती.

"हे कोन बोलून राहिलं?"

"तुही माय," बाबा आपल्या आवाजात म्हणाले.

"अजून बोलन का?"

"तू हासत नाही तोवर बोलन," ताईने डोळे पुसत नियम सांगितला.

"अन् मंग पुन्हा नाही येनार?"

ताईने नकारार्थी मान हलवली. तिला एक ठेवून द्यावीशी वाटली मला.

बाबांनी पुन्हा कमरेवर हात ठेवला. आईने शेजारणीच्या सांडग्यांना नावं ठेवली. कूलरमध्ये पाणी कुणी भरलं नाही म्हणून ती कावली. "ए ढब्बू, मातीत हात घालू नको वं," असं धाकटीला दटावलं. लहानपणी आई तिला ढब्बूच म्हणायची.

धाकटीचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. तिची सोंगटी वेशीला टेकलेली होती. एकदा चिंचोके टाकले असते तर ती जिंकली असती. तिने ते मुठीत घेऊन पाठीमागे लपवले आणि दुसऱ्या हाताने तोंड घट्ट दाबून धरलं, हसू येऊ नये म्हणून.