डबीचं दार बारीक केलं

बाळांनो, काल धाकटीचा तबला मला सलग ऐकू आला! ही करामत औंढ्याहून येणाऱ्या आपल्या इंटरनेटवाल्याची. हा गृहस्थ इंटरनेटच्या तळहाताएवढ्या डबीशी म्हशीशी बोलावं तसं बोलतो.

धाकटीच्या कार्यक्रमाला अर्धा तास उरला होता आणि व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर तुम्ही सारखे अडकत होता. मी म्हटलं, "अहो, वेग वाढवा ना!"

"न्हाई मावशी, कमी करायचा. भाताच्या खाचरात एकदम लय पाणी सोडलं तर बांध फुटतो. ह्या डबीत बी तसंच तुंबतंय. दार बारीक करू."

मला पटेना. तरी तो वेग थोडा थोडा बदलत त्याचे आकडे सांगत गेला आणि मी ते वहीत ओळीने लिहीत गेले. प्रत्येक आकडा बदलला की तो डबीला विचारी, "आता बरं वाटतंय का गं?" सातव्या आकड्याला तुम्ही अडकायचे थांबलात.

धाकटीने वाजवायला सुरुवात केली. दाराशी चपला घालता घालता तो थबकला, बोटांवर मात्रा मोजू लागला. तिहाई संपली, आणि माझ्या तोंडून "वा" निघायच्या आत तो ओरडला, "आली बघा मावशी, बरोब्बर समेवर आली!"