कासारणीला मारू नका

मी जपानी पद्धतीच्या चित्रकथा काढते. त्यांना मंगा म्हणतात हे आमच्या लोहाऱ्यात सांगत बसायचं मी कधीच सोडलंय. 'कार्टून काढती' म्हणतात लोक, म्हणू देत. पण तेवढ्यानंही भागत नाही. कुणाला बारशाचा फलक हवा असतो, कुणाला दुकानाच्या शटरवर तुळजाभवानी. नाही म्हटलं की, "घरीच तर असतीस!"

शेजारच्या काकू एकदा माझ्या टेबलावरच्या चित्रावर वाकून म्हणाल्या, "हिचे डोळे एवढे मोठे कशानं गं? थायरॉइड हाय का?"

मंगात राग, भीती, आनंद सगळं डोळ्यांत दाखवतात, हे मी त्यांना चहा थंड होईस्तोवर समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, "तरी एकदा रगात तपासून घ्यायला सांग तिला."

दहावीत असताना भावाच्या मोबाइलवर पहिल्यांदा मंगा पाहिली. ती उजवीकडून डावीकडं वाचायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. कितीतरी दिवस माणसं आधी मरायची आणि मग भांडायची, तरी मी वाचत होते. पुढं पुण्यात चित्रकला शिकले आणि एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या चित्रांमागची झाडं आणि आभाळ रंगवत राहिले. स्टुडिओ बंद पडला तशी घरी परत आले. मग मोबाइलवर चित्रकथा देणाऱ्या एका कंपनीचं काम मिळालं, दर आठवड्याला एक भाग.

माझी नायिका होती तुळजापुरातली कासारीण. पन्नाशीची, जाडसर, तोंडाची फटकळ. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं बांगड्यांचं दुकान. गर्दीत माणूस हरवलं की लोक तिच्याकडं यायचे आणि ती ते शोधून काढायची.

कंपनीचे पुण्यातले संपादक पंचविशीचे. त्यांना ती पहिल्या दिवसापासून खटकत होती. "मॅडम, वय जरा कमी करता येईल का? सतरा वगैरे? आणि शाळेचा गणवेश?"

"सतरा वर्षांच्या पोरीला कोण सांगेल हो, माझी आई हरवली म्हणून?"

"मंगा वाचणाऱ्यांना तसं आवडतं, मॅडम."

असं दर आठवड्याला. इकडं लाइट गेलेली, टॅबलेटची बॅटरी उतरत आलेली, मनगट सुजलेलं. दवाखान्यात दाखवायला गेले तर डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, चित्रं काढते. "ते झालं हो. काम काय करता?"

घरी वहिनी माझ्या टेबलावर शेंगांची पाटी ठेवायची. रिकामी जागा तेवढीच दिसती म्हणायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसीलमधून निवृत्त झालेले. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. सकाळी उठून स्टँडवर जायचे, दोस्तांबरोबर बसायचे, जेवायला परत यायचे.

मग एक दिवस संपादकांचा फोन आला. वाचक घटताहेत म्हणाले. कासारणीला अपघातात मारायचं आणि तिच्या जागी तिची सतरा वर्षांची भाची आणायची. मी भांडले, पण उपयोग झाला नाही. फोन ठेवून वैतागत जेवायला बसले आणि वहिनीला म्हणाले, "पुढच्या भागात मारायची आहे बाई एकदाची."

अण्णांचा घास हातातच राहिला. "कुणाला?"

"आहे एक. तुम्हाला न्हाय माहीत."

"कासारणीला?"

मी भाकरी खाली ठेवली. "तुम्ही वाचता?"

"आमी चौघं वाचतो स्टँडवर. एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे चित्रं बघतेत. अन् ती उमरग्याची म्हातारी अजून सापडली न्हाय. ती कुठं हाय? तिला कोण शोधणार, ती पोरगी?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. इतके दिवस मी मान मोडून काढत होते, तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "चांगलं चाललं होतं. बोलायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले असताना संपादकांचा फोन आला आणि तो अण्णांनीच घेतला. बाहेर आले तर अण्णा तहसीलच्या आवाजात सांगत होते, "साहेब, एक म्हातारी हरवलेली हाय. ती सापडस्तोवर कासारणीला हात लावायचा न्हाय. आमची सक्त ताकीद हाय!"

मी फोन हिसकावून घेतला. पलीकडून संपादक दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ठीक आहे. म्हातारी सापडू दे. मग कथा संपवूया. मारायला नको."

म्हणजे कासारीण वाचली आणि मालिका बंद पडली. शेवटच्या भागात म्हातारी एका लॉजच्या जिन्याखाली सापडली. घरचे लोक तिला गाडीत बसवून उमरग्याला घेऊन गेले. कासारीण गाडीकडं बघत उभी. मला ते पान फार आवडलं होतं.

तो भाग अण्णांनी स्टँडवर दोस्तांबरोबर वाचला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हातारी सापडली, लई बरं झालं. पण त्या बाईला, जेवलीस का म्हणून, कुणीच इचारलं न्हाय."

"भाग गेलाय, अण्णा. आता काही होत न्हाय."

"मी फकस्त सांगितलं."

ते स्टँडवर निघून गेले. मी आदळआपट केली, शेंगांची पाटी उचलून वहिनीच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि टेबलाशी बसले. शेजारचा कुंकवाचा दुकानदार कासारणीपुढं डबा सरकवतो, ती दुकानातच मांडी घालून जेवते, एवढंच एक पान काढलं. अण्णा बरोबर बोलले होते याचाच राग येत होता. संपादकांना पाठवलं आणि लिहिलं, हे शेवटी जोडा, पैसे नकोत. त्यांनी जोडलं.

संध्याकाळी अण्णा आले, हातपाय धुतले, पानावर बसले. "बघितलं," म्हणाले आणि वहिनीकडं भाकरी मागितली.