क्लॅरी व्हेनिंगचं रडगाणं

क्लॅरी व्हेनिंगला कुणी "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं चाललंय." वळूने बरगडी मोडली तेव्हा तेच, बायको गेली तेव्हाही तेच. यॅराबिन गावातले सगळेच बाप्ये असले. तारेत बोट चिरलं तर त्याला फडकं गुंडाळून आधी कुंपण पुरं करतील. कण्हणाऱ्याला पबमध्ये कुणी शेजारी बसवून घेत नाही. क्लॅरीने जन्मभर लोकांच्या शेतांना कुंपणं घातली, आणि एक स्वतःच्या तोंडालाही.

मग कॅन्सर हाडांत उतरला. शुद्ध हरपेल एवढं मॉर्फिन त्याला नको होतं. आपल्या व्हरांड्यात, शुद्धीवर, पायाशी टिली कुत्री असताना जायचं, एवढंच त्याचं मागणं. व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्यात तशी, औषध घेऊन आपल्या मर्जीने मरायची, सोय आहे. सोय म्हणजे दोन डॉक्टरांनी तपासायचं आणि दोघांनीही हो म्हणायचं.

गावात डॉक्टर एकच, गॉडफ्री पेल. त्याने छातीवर हात ठेवला. "माझं मन याला तयार होत नाही, क्लॅरी."

हे मन मोठं हुशार. गोल्फच्या दिवशी ताटकळलेले पेशंट परत पाठवायला ते लगेच तयार व्हायचं. दुसऱ्या कुणाकडे जावं, हे सांगायलाही पेलने तोंड उघडलं नाही.

शेजारची शर्ल बोलिंग क्लबचं स्वयंपाकघर चालवायची. तिने मेलबर्नला, हे अर्ज बघणाऱ्या कचेरीत फोन लावला.

"हा विषय फोनवर बोलायला कायद्याने बंदी आहे," तिकडची बाई कुजबुजली. "पेशंटला समोर आणा."

"अहो, त्याला खुर्चीत बसवत नाही, गाडीत अख्खा दिवस कसा बसेल?"

"मी समजू शकते."

"समजू नका, डॉक्टर पाठवा!"

शेवटी एक डॉक्टरीण स्वतः गाडी हाकत आली, तपासून हो म्हणाली. दुसरा आला लायनेल क्विस्ट. धूळ लागेल म्हणून बूट उचलून उचलून चालणारा.

"कसं वाटतंय?"

"बरं चाललंय," क्लॅरी म्हणाला. मुठीत चादर आवळलेली.

"दुखतं का?"

"जरा कुरकुरतं."

"सहन होतं?"

"तक्रार कशाला करायची, डॉक्टर?"

क्विस्टने मान डोलावली, शर्लचा चहा ढोसला आणि निघाला. निकाल आला: त्रास सहन होण्याजोगा, मागणी नामंजूर. समोरच्या माणसाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला. पण चेहरे बघायला का त्याला पाठवलं होतं?

शर्ल भडकली. "गाढवा, खरं सांगायला काय झालं होतं?"

"अगं, परका माणूस. त्याच्यापुढे रडायचं?"

"हो, रडायचं! म्हण, दुखतंय."

"दुखतंय... म्हणजे तसं फार नाही."

"क्लॅरी!"

"लाज वाटते गं."

"ख्रिसमसला माझ्या ओव्हनमध्ये ओकलास, तेव्हा कुठे गेली होती लाज?"

क्लॅरीला हसू आलं, आणि हसताना बरगड्यांतून कळ गेली तसा तो ओरडला. "बस्स," शर्ल म्हणाली, "हेच त्याच्यासमोर कर."

ती मेलबर्नला गेली आणि क्विस्टच्या दवाखान्यात ठिय्या देऊन बसली. इतर पेशंटना सगळी हकिकत मोठ्याने सांगायला लागली, तेव्हा साहेबांना यॅराबिनची आठवण झाली.

पुन्हा तीच खोली. "कसं वाटतंय?" म्हणत क्विस्टने घड्याळ पाहिलं.

'बरं' क्लॅरीच्या जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात त्याची नजर पलंगाखालून डोकावणाऱ्या शेपटीवर गेली.

"ही टिली," तो म्हणाला. "कायम माझ्या पायाशी झोपायची. आता रात्री मी किंचाळतो म्हणून पलंगाखाली लपते. माझं कुत्रं मला घाबरतं, डॉक्टर. मी जन्मभर पहारीने खड्डे खणले. पहार कशी बसते मला ठाऊक आहे. आता कुणीतरी माझ्या हाडांत खणतंय. मी अंथरुणात हगतो, ते शर्ल धुते. हे तुम्हाला मागच्या वेळी दिसलं नाही, कारण तुम्ही तुमचे बूट बघत होता. आणि ते घड्याळ खिशात घाला, माझं अजून संपलेलं नाही."

बराच वेळ संपलं नाही. बायको गेल्याचंही त्यातच निघालं. या वेळी क्विस्टला चहा मिळाला नाही. क्लॅरीला होकार मिळाला.

औषधाची पेटी घेऊन सरकारी औषधालयातली बाई आली तेव्हा व्हरांड्यात ऊन होतं, आणि शर्लने टिलीला उचलून त्याच्या पायाशी ठेवलं होतं.

"कसे आहात, मिस्टर व्हेनिंग?"

शर्लने त्याच्याकडे डोळे वटारले.

"आज ना?" क्लॅरी म्हणाला. "आज खरंच बरं चाललंय."

दफनानंतर क्लबात खाणंपिणं झालं. डॉक्टर पेल सगळ्यांत आधी टेबलाशी. तोंडात हॅम सँडविच कोंबून तो म्हणाला, "मर्द गडी! शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही."

शर्लने त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली आणि टिलीपुढे ठेवली.