मळी म्हणून आलेला टँकर

ती घटना आठवली की आजही माझे डोके फिरते. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी फिरते.

आखाडा बाळापूरजवळच्या एका गावातली शेतकरी बाई ठाण्यात आली. विहिरीच्या पाण्याला उग्र वास येत होता. ते पाणी पिऊन तिची म्हैस मेली होती आणि सासू दवाखान्यात होती. "दिरानंच विष कालवलं, साहेब. विहीर सामाईक हाय, त्याला एकट्याला पाहिजे."

गावात विहीर बिघडली की पहिला संशय भावकीवर जातो. आम्ही दिराला चौकशीला बोलावले. तो घाबरला नाही, उलट चिडला. "माझी लेकरं बी तेच पाणी पितात. मी काहून विष टाकू? भावजयीनं वावरात मळीचं पाणी सोडून घेतलं, तवापासून वास येऊन राहिला."

साखर कारखान्याची मळी आणि मळीचे पाणी आमच्याकडे लोक खत म्हणून हौसेने नेतात. गावात मळी म्हणून येणारा हा टँकर तर फुकट यायचा. त्याला अडवणे दूरच, आधी माझ्या बांधाला लाव म्हणून लोक भांडत होते. पण गाळप हंगाम कधीच संपला होता. मग रोज टँकरभर मळी येत होती कुठून?

वारंगा फाट्यावर नाकाबंदी लावली. टँकर भर दुपारी आला. लपूनछपून यायची त्यांना गरजच नव्हती.

ड्रायव्हर एकच पाढा म्हणत होता, "मळी हाय साहेब, मळी." हातमोजे घालून हवालदाराने टँकरच्या नळाखाली बादली भरली. मी म्हणालो, "मळी आहे ना? मग बुडव हात."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "न्हाई साहेब. कातडं जातं."

पुढे त्याला फार विचारावे लागले नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या रसायन कारखान्याचा तो घातक कचरा होता. विल्हेवाट केंद्रात पोचवण्याचा ठेका घेतलेला माणूस वाहतुकीचे पैसे वाचवायला तो आमच्या शेतांत ओतत होता. मळी हे नाव त्यानेच शोधले होते.

पंचांसमक्ष नमुने सील केले, टँकर जप्त केला, गुन्हा दाखल झाला. ठेकेदार वकील घेऊनच ठाण्यात आला आणि खुर्चीत रेलून म्हणाला, "आम्ही कुणावर जबरदस्ती केली नाही, साहेब. लोकांनीच मागितलं."

नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. इतका निर्लज्ज माणूस पाहिला नाही. माझ्या अंगावर वर्दी होती म्हणून तो धडधाकट बाहेर गेला. त्याला जामीनही मिळाला. कारखान्याने आपल्याला काही माहीत नसल्याचे लिहून दिले. आपला कचरा कुठे जातो हे माहीत करून घेणे त्यांचेच काम होते, हे त्यांना कोण सांगणार?

विष चोरपावलांनीच येते असे नाही, हे मी तिथे शिकलो. ते ओळखीचे नाव घेऊन येते, आणि फसलेला माणूस लाजेने तोंड उघडत नाही. टँकर घेतलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी जबाब द्यायला नकार दिला. आपणच मागितले, आता काय सांगायचे, म्हणून.

ती बाई मात्र आली. सासूला माती देऊन चार दिवसही झाले नव्हते. मी जबाब वाचून दाखवला. सही करायला तिने पेन घेतले आणि ती थांबली.

"साहेब, आरोपीत माझं बी नाव लिहा. टँकरला वाट मीच दाखवली व्हती."