डी ड्राइव्हमधली जुनी यादी

पत्रकांचा ताजा गठ्ठा सोडला की शाईचा उग्र वास येतो, आणि मला सिल्वासातल्या त्या धाग्याच्या कारखान्यातला तेलाचा वास आठवतो.

तिथला हजेरीचा प्रोग्रॅम मी गावातल्याच टोकरखाडा भागातल्या माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरवर बनवला होता. कारखान्यात बसवताना चाचणीची जुनी यादीही तशीच डी ड्राइव्हमध्ये उतरवली. नवी नावं मात्र ऑफिसच्या सर्व्हरवर जमा होत होती.

एका दुपारी धुळ्याकडची सुनंदाताई मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिली. मशीनमध्ये चिरडलेला अंगठा पदरात गुंडाळलेला, पदर लाल. ती इथली कामगार आहे अशी चिठ्ठी दवाखान्याला हवी होती. मी नाव शोधलं. नव्हतं.

तिला रोज बघणारा मॅनेजर म्हणाला, "देखो बेन, कॉम्प्युटर झूठ नहीं बोलता."

"भाऊ, नीट बघ ना," ती मला म्हणाली. "दिवाळीपासून रोज हाच अंगठा लावते मी."

मी नीट बघितलं. प्रोग्रॅमची लिंक अजून डी ड्राइव्हवरच होती, माझ्या खोलीत होती तशीच. ती सर्व्हरकडे वळवणं दोन मिनिटांचं काम. पण चूक कबूल केली तर पुढचं काम जाईल, म्हणून मी म्हणालो, "नाव नाही, ताई."

संध्याकाळी गुपचूप लिंक बदलली. तिचं नाव लगेच आलं. ती पुन्हा आली नाही.

आज मी मालकांच्या खोटेपणावर पत्रकं लिहितो, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं. माझं ते तीन शब्दांचं वाक्य मात्र अजून एकाही पत्रकात छापलेलं नाही.