जाळरेषा दावा की, साहेब

सरजाबाईला प्रश्न पडला नाही असा दिवस पालम तालुक्यात उगवत नाही, असं तिचा दीर भागवत म्हणायचा. एसटीत बसली की ती कंडक्टरला विचारायची, घंटीची दोरी कधी बदलली, जुनी कुठं गेली? लोक वैतागायचे. वैतागू देत! तिला त्याची काडीची फिकीर नव्हती.

यंदा फाल्गुनात गावामागचा डोंगर पेटला. भागवत शेळ्या घेऊन वरच होता. पळसाच्या डहाळीनं आग झोडपता झोडपता त्याचे दोन्ही तळपाय भाजले. वनखात्याला चार फोन झाले, पण माणसं आली ती सगळं जळून गार झाल्यावर. आणि आल्या आल्या साहेबांनी पंचनाम्यात काय लिहावं? ‘शेळ्या राखणाऱ्या भागवतने विडी टाकल्याने आग लागली.’ अहो, ज्यानं जन्मात विडीला हात लावला नाही, त्याच्यावर गुन्हा! घरात रडारड सुरू झाली. सरजाबाईला मात्र भलताच प्रश्न पडला होता, आणि तो घेऊन ती थेट साहेबांपुढं उभी राहिली.

“साहेब, आग वरून खाली आली. मधी तुमची जाळरेषा असती म्हणं. मंग आगीनं ती वलांडली कशी?”

जाळरेषा म्हणजे वणवा अडावा म्हणून हिवाळ्यातच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा.

“पौषातच काढलीय. रजिस्टरला नोंद आहे,” साहेब म्हणाले.

“मंग दावा की. आमी बी बघू, कशी असती ती.”

झक मारत साहेब डोंगर चढले. मागं सरजाबाई, तिच्यामागं पंचनाम्याची फाईल घेऊन ग्रामसेविका राजेश्री. साहेबांनी हात लांब करून दाखवलं, “ही बघा, इथून तिथपर्यंत.” सरजाबाई उकिडवी बसली. राखेत बोटं खुपसली. दोन पेरं आत गेली. चार पावलं पलीकडं जाऊन पुन्हा खुपसली.

“इथं बी तेवढीच, तिथं बी तेवढीच. पुसाच्या म्हैन्यात जाळलं असतं तर आता जळायला गवतच नसतं, साहेब. मंग एवढी राख कशाची?”

राजेश्रीनं हसू दाबलं. साहेबांनी घाम पुसला आणि काखेतलं रजिस्टर उघडलं. “रेषा काढणाऱ्या मजुरांच्या सह्या आहेत. चौथी कुणाची, वाचा.”

चौथी सही सरजाबाईची होती.

पौषातला तो दिवस तिला आठवला. खात्याच्या माणसांनी कशासाठी ते न सांगता सडकेकडचं वीस पावलं गवत काढून घेतलं, फोटो काढला, चहा पाजला आणि दुपारीच घरी लावून दिलं होतं. साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्यापासून कुणी कागद पुढं केला की ती कोण खूश व्हायची! साऱ्या जगाला विचारणारी बाई, त्या कागदावर काय लिहिलंय तेवढं विचारायची राहिली होती. स्वतःचीच लाज वाटली तिला.

“सही माझीच हाय,” ती म्हणाली. “राजेश्री, लिही. रेषा काढलीच न्हाई. वीस पावलं गवत काढलं, फोटोपुरतं. ते झाकायला भागवतच्या नावावर विडी घातली. मी सही केली, ती चुकीची केली.”

“बाई, मग तुम्ही पण अडकाल!” साहेब म्हणाले.

“अडकंन की. पर भागवत न्हाई अडकायचा.”

राजेश्रीनं लिहून पेन पुढं केलं. सरजाबाईनं ते घेतलं नाही.

“आधी वाच,” ती म्हणाली. राजेश्रीनं वाचलं. “आणिक एकदा वाच.”

मग तिनं सही केली.