काचेपलीकडचे बाळ

माझी धाकटी जाऊ फोटो काढण्याचा व्यवसाय करते. तिचा नवा डिजिटल कॅमेरा स्वतःच फोकस साधतो. तरीही ती पुष्कळदा त्याच्यावर आमच्या सासऱ्यांची जुनी, जड लेन्स एका कडीच्या आधाराने बसवते आणि हाताने फिरवून चित्र स्पष्ट करते. "मामंजींचं हे लोढणं कशाला गं गळ्यात?" असे मी तिला चिडवत असे.

माझी मुलगी दिवस भरण्यापूर्वीच बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत होते. मुलीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि तातडीने शस्त्रक्रिया करणे आवश्यक होते. परंतु बाळ पाहिल्याशिवाय ती संमतीची सही करीना. जावयांनी मोबाईलवर काढलेल्या फोटोत केवळ काचेची चकाकी आली होती.

"यात बाळ कुठंय? ते गेलंय, आई. तुम्ही लपवताय माझ्यापासून."

"अगं, तुझी शपथ!"

"मग दाखव ना."

निरोप मिळताच जाऊ कॅमेरा घेऊन धावत आली. सिस्टरने आम्हां दोघींना आत घेतले व बजावले, "फ्लॅश नाही, पेटीला हात नाही. आणि लवकर आटपा."

जावेने नव्या लेन्सने फोटो काढला. काचेवरचे ओरखडे लख्ख आले आणि बाळाचा नुसता धुरकट गोळा दिसला.

"मेला काचेलाच बाळ समजतोय," ती पुटपुटली. तिने पिशवीतून मामंजींची लेन्स काढून बसवली व बटण दाबले. कॅमेरा ढिम्म.

"काय झालं गं?"

"वहिनी, हा म्हणतो, लेन्सच लावलेली नाही."

त्या जुन्या लेन्सला विजेची जोडणी नाही. त्यामुळे लेन्स जाणवली नाही तरी फोटो काढ, असे कॅमेऱ्याला आधी सांगून ठेवावे लागते. तिने ते सांगितलेले होते. परंतु कॅमेरा कालच दुरुस्तीहून परतला होता आणि सर्व सूचना पुसल्या गेल्या होत्या.

"बाई, तिकडे डॉक्टर खोळंबलेत," सिस्टर म्हणाली.

"कुठं दडलास रे बाबा?" असे म्हणत जाऊ कॅमेऱ्याच्या पडद्यावरील एकेक ओळ उघडून बंद करू लागली. अखेर तिला ती सूचना सापडली.

मग तिने श्वास रोखून लेन्स हाताने हळूहळू फिरवली. प्रथम ओरखडे विरघळले. त्यानंतर नळी दिसली, मग कान दिसला. बाळाने डोळे किलकिले केले. खट्!

आम्ही धावतच मुलीकडे गेलो. तिने पडदा डोळ्यांजवळ धरला.

"काकू, हे तोंड वाकडं का करतंय?"

"तुझ्यावर गेलंय. काल तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये बघितलं मी."

मुलगी हसली नाही. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "पेन द्या."

शस्त्रक्रियागृहाचे दार बंद झाले. आम्ही दोघी बाकावर बसलो. जाऊ लेन्स हातात घट्ट धरून होती. रक्तस्राव थांबल्याचे डॉक्टरांनी येऊन सांगितले, तेव्हा तिने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

शुद्धीवर येताच मुलीने प्रथम विचारले, "तोंड सरळ केलं का त्यानं?"